नेने आणि चेकने

नेन्यांनी मला फसवलं आणि बँकेनं नेन्यांना फसवलं. दोन्ही वेळा भानगड आजारपणाच्या विम्याची होती आणि दोन्ही वेळा भांडायला मीच गेलो. पहिलं भांडण मी हरलो. दुसरं अजून संपलेलं नाही.

शंकर विनायक नेने भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये तळमजल्यावर राहायचे. एका कंपनीच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाले, गिरगावातली खोली सोडली आणि साठाव्या वर्षी इकडच्या बाल्कनीला ग्रिल लावून आत टेबल टाकलं. त्या टेबलावर ते इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून द्यायचे. गिऱ्हाइकं बहुतेक आमच्यासारखी, नोकरी सुटल्यावर उतारवयात धंद्याला लागलेली.

मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं फोरमन होतो. एका सकाळी मालकानं शटर उघडलंच नाही. तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. थकलेल्या पगाराच्या बदल्यात मी त्याच्याकडे बफिंगची दोन मशिनं मागितली आणि तिसरं घासाघीस करून मिळवलं. फाटकाजवळ गाळा घेतला आणि भांडी चकचकीत करायच्या धंद्याला लागलो. धंदा चालला. पण कारखान्यात असताना ताप आला तर कंपनीचा डॉक्टर होता, हात मशीनमध्ये गेला तर कंपनीचं हॉस्पिटल होतं. आता काय? बायको रोज विचारायची, "उद्या तुम्ही आडवे झालात तर कोणाच्या दारात जायचं?" म्हणून मेडिक्लेम काढायचं ठरवलं. शेजारच्या गाळेवाल्यानं सांगितलं की त्याचा हप्ता भरला की टॅक्समध्ये वजावट मिळते. एका खर्चात दोन फायदे म्हटल्यावर मी थांबणारा नव्हे. त्यानंच नेन्यांचं नाव दिलं.

पहिल्या भेटीत मी फी विचारली. नेन्यांनी आकडा सांगितला. मी त्याच्या निम्मा सांगितला. उत्तनच्या कोळणीशी भाव करून मी पापलेट आणलंय, मुलीच्या लग्नात भटजींची दक्षिणा खाली आणलीय.  नेन्यांनी फाउंटन पेनला टोपण लावलं आणि ग्रिलबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक टँकर उभा होता. मी थोडा वर आलो. ते टँकर बघत होते. मी आणखी वर आलो. शेवटी मी त्यांच्या आकड्यावर पोचलो तेव्हा त्यांनी टोपण काढलं आणि विचारलं, "नाव?"

पुढं सात वर्षं मी दर वर्षी प्रयत्न केला. दर वर्षी टोपण लागलं.

नेने फार कमी बोलायचे. कंजूष नव्हते. घरी आलेल्याला लाडू मिळायचा, बसायला पंख्याखालची खुर्ची मिळायची. फक्त शब्द मिळायचे नाहीत. हिशेबखात्यात जाण्याआधी उमेदीची वर्षं त्यांनी साहेबाच्या तारा लिहिण्यात घालवली होती, आणि तारेला शब्दागणिक पैसे पडतात. ती सवय हाडांत मुरली. लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा केलेला असायचा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला काय आणायचं ते त्यावर लिहून द्यायचे. "बँक. व्याज. जुलै." एवढ्यावरून ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

नेनेकाकू शाळेत शिक्षिका होत्या. त्या दोघांच्या वाटचं बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी पत्रानं विचारलं, मुलगी पसंत आहे का. यांची तार आली, 'होय नेने'. वडिलांनी ती तीनदा वाचली आणि मध्यस्थाला विचारलं, मुलगा तोतरा तर नाही ना?"

नेने समोर बसून हे ऐकत होते. म्हणाले, "नाही." आणि परत कागदात डोकं घातलं.

इंद्रलोकमध्ये तेव्हा पाणी एक दिवसाआड यायचं आणि आल्यावर पाऊण तासात जायचं. सोसायटीनं नगरपरिषदेला अर्ज करायचं ठरवलं आणि लिहायचं काम नेन्यांकडे दिलं. कुठल्याही सेक्रेटरीनं अशा अर्जात निदान दोन पानं खर्च केली असती. नेन्यांनी पोस्टकार्ड घेतलं, वर सोसायटीचा पत्ता लिहिला आणि खाली लिहिलं, "पाणी?" तीन आठवड्यांनी दोन पानी टाइप केलेलं उत्तर आलं. त्यात योजना होत्या, अडचणी होत्या आणि शेवटी पुरवठा लवकरच सुरळीत करण्यात येईल असं होतं. नेन्यांनी तेच पत्र परत पाठवलं. "लवकरच" या शब्दाखाली रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "तारीख?" आणखी एक पोस्टकार्ड गेल्यावर तिथून माणूस आला. पाणी वाढलं नाही, पण तो माणूस चहा पिऊन गेला आणि जाताना काकूंना म्हणाला की ऑफिसात सगळे या पोस्टकार्डांना घाबरतात.

माणूस कागदाचा होता. कागदावर आहे ते आहे, नाही ते नाही. त्यांच्याकडे उत्तनजवळच्या तारोडीचा एक नाववाला यायचा, पास्कल. मोठा माणूस, दारातून आत यायचा तर ग्रिलमधला उजेड जायचा. त्यानं घरच्या सगळ्यांचा मेडिक्लेम काढला होता आणि त्यात अधू भावाचाही हप्ता भरला होता. मी माझ्या नंबरची वाट बघत बसलो होतो. नेन्यांनी भावाच्या पावतीवर बोट ठेवलं.

"हा नाही."

"न्हाय कसा? भाव माझा हाय. जन्मापासून खाटंवर हाय. पोसतंय कोन त्याला?"

"कायद्यात बायको आहे. मुलं आहेत. आईवडील आहेत. भाऊ नाही."

 पास्कल माझ्याकडे वळून म्हणाला, "कायदा लिवनारा एकुलता हाय वाटतं."

नेन्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आवाज नाही, फक्त खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पास्कलला लाडू दिला आणि भावाचा हप्ता काही धरला नाही.

आता माझी फसवणूक.

त्या पहिल्या वर्षी नेन्यांनी मला चिठ्ठी दिली. एका बाजूला कोणाच्या तरी मुंजीचा गणपती आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळी. "हप्ता – चेक. पावती – जपा."

मी चिठ्ठी खिशात घालून एजंट हसमुखभाईला गाळ्यावर बोलावलं आणि चेक करायला घेतलं. माझं नाव चेक केलं. वय चेक केलं, त्यानं एक वर्ष जास्त लावलं होतं, ते कमी करून घेतलं. बायकोच्या नावाचं स्पेलिंग चेक केलं. कुठले आजार धरतात, कुठले नाही, हे बारीक अक्षरातलं त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मशीन बंद ठेवून दोन तास हेच चाललं होतं. इतकं चेक केल्यावर रक्कम तशीच कशी सोडायची?

"मांडवकरभाई," तो म्हणाला, "ये इन्शुरन्स है, बरतन नहीं है. इसमें भाव नहीं होता."

मी म्हटलं, भाव नसेल, पण तुझं कमिशन तर आहे ना. त्यानं घाम पुसला. चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी तो म्हणाला की कमिशनातलं काही सोडतो, पण रोख द्यायचे आणि कुठं बोलायचं नाही. मी तिथल्या तिथं रोख दिले. पावती आली ती घडी न घालता जपली. त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं की विम्यात घासाघीस करणारा भाईंदरमध्ये मी पहिलाच असेन.

रिटर्नच्या दिवसांत पावती घेऊन नेन्यांकडे गेलो. ती उन्हात धरावी तशी धरून त्यांनी वाचली.

"रोख?" त्यांनी विचारलं.

"रोख. आणि कमी करून."

त्यांनी पेनला टोपण लावलं. मला वाटलं फीचं चाललंय. मी म्हटलं, अजून फीबद्दल मी तोंडसुद्धा उघडलेलं नाही. तर ते म्हणाले, "वजावट नाही. चेक लिहिलं होतं."

"केलं की चेक. तीन-तीनदा केलं. हसमुखला विचारा, रडकुंडीला आला होता."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. काकू भाजी चिरायचं सोडून दारात आल्या होत्या आणि तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. नेन्यांनी समजावलं, म्हणजे त्यांच्या मानानं समजावलं. विम्याचा हप्ता बँकेच्या चेकनं भरलेला असला तरच वजावट मिळते, रोख भरला तर नाही. विमा खरा, वजावट खोटी. मी चिठ्ठी काढून टेबलावर आपटली. दाखवा म्हटलं, यात बँक कुठं आहे.

त्यांनी चिठ्ठी उचलली. बराच वेळ बघितली. मग अगदी हळू म्हणाले, "ने राहिला."

चेकने लिहायचं, तर चेक लिहिलं होतं. ज्या माणसाच्या आडनावात दोन-दोन ने, त्याला माझ्या चिठ्ठीत एक घालवेना. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली. मी म्हटलं, चूक तुमची आहे, जास्तीचा टॅक्स निम्मा तुम्ही भरा. टोपण लागलेलंच होतं. म्हटलं, मग तशीच लावा वजावट, कोण बघतंय. ते म्हणाले, "पावती जोडावी लागते. ती बोलते." म्हटलं, स्टेशनजवळ एक जण बसतो, तो डोळे मिटून लिहून देतो, माझी फाइल द्या. त्यांनी फाइलला दोरी बांधली, गाठ मारली आणि पुढं केली. मी ती घेऊन सोसायटीच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो, कारण स्टेशनजवळच्याची फी जास्त होती.

वजावट गेली ती गेलीच. पण पुढच्या वर्षी जी चिठ्ठी मिळाली ती चिठ्ठी नव्हती, अख्खी पत्रिका होती. "हप्ता बँकेच्या चेकने, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या सहीने भरावा. तपासण्याचा येथे संबंध नाही." काकूंनी ती दोनदा वाचली. "चाळीस वर्षांच्या संसारात मला यांचं एवढं लांब पत्र नाही," त्या म्हणाल्या. मी चेकनं भरायला लागलो. हसमुखनं पेढे वाटले म्हणतात.

नेन्यांचा स्वतःचा मेडिक्लेम होता. ते पण आमच्यासारखेच होते, पगार नाही, मागं कंपनी नाही, टेबलावर येईल तेवढंच. म्हातारपणात कोणाच्या दारात जायला नको म्हणून साठाव्या वर्षीच पॉलिसी काढली होती आणि दर जानेवारीत हप्ता भरायचे, चेकनं. सदुसष्टाव्या वर्षी, हप्ता भरून पाच आठवडे झाले असतील, त्यांचा हर्निया अडकला. पश्चिमेच्या नर्सिंग होममध्ये तातडीनं ऑपरेशन करावं लागलं. मी बघायला गेलो तेव्हा पांढरे पडलेले होते, पण काकूंना खुणेनं सांगत होते की प्रत्येक औषधाची पावती पिनमध्ये लावा. सगळी लावली. क्लेम पाठवला.

कंपनीचं उत्तर आलं की आपली पॉलिसी चालू नाही. हप्त्याचा चेक परत आला आहे, तसं आपल्याला पूर्वीच कळवलं आहे. ते पूर्वीचं पत्र नंतर सापडलं. फॉर्मवर नेन्यांनी पत्ता लिहिला होता, "इंद्रलोक, भाईंदर." इंद्रलोकच्या वसाहती किती, बिल्डिंगी किती, विंगा किती. पोस्टमननं ते पत्र महिनाभर या फेजमधून त्या फेजमध्ये फिरवलं होतं.

काकू गाळ्यावर आल्या. मशीनच्या आवाजात त्यांना ओरडून बोलता येईना म्हणून मी सगळी मशिनं बंद केली. त्या म्हणाल्या, "हे भांडणार नाहीत. तुम्ही चला."

मी, नेने आणि काकू बँकेत गेलो. नेने एक हात पोटावर धरून चालत होते. काउंटरवर चष्मेवाला अधिकारी होता. त्यानं लगेच उठून नमस्कार केला. "या नेनेसाहेब, तब्येत कशी आहे?" ऑपरेशनचं त्याला माहीत होतं. सात वर्षं दर महिन्याला नेने त्याच्यासमोर उभे राहत होते, त्याच्या मुलीच्या कॉलेजचीसुद्धा त्यांना माहिती होती. मी चेक का परत केला म्हणून विचारलं, जरा मोठ्यानंच विचारलं. त्यानं कपाटातून खातं उघडतानाचं कार्ड काढलं. त्यावर सही होती, शंकर विनायक नेने, वळणदार, खाली नक्षी काढलेली. मग परत केलेल्या चेकच्या वहीत नंबर बघून सांगितलं की त्यावर नुसतं एक अक्षर होतं, ने, आणि पुढं शेपटी. सात वर्षांत सही कमी कमी होत गेली होती. आधी शंकर गेले, मग विनायक गेले, शेवटी आडनावातला एक गेला. आधीचे चेक बरे चालले, मी म्हटलं. चेक पास करायचं काम तेव्हा दुसऱ्या साहेबांकडे होतं, यंदा माझ्याकडे आलं, तो म्हणाला.

"यांचं पासबुक कुठं आहे?" मी विचारलं. कारण नेने पासबुकाची ओळ न् ओळ बघतात आणि चेक वटला नाही हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

पासबुक त्याच्याच टेबलावर होतं. नोंदी करायला डिसेंबरात टाकलं होतं, गठ्ठ्यात खाली राहिलं होतं.

मी पेटलो. म्हटलं, चेक तुझ्यासमोर, पासबुक तुझ्यासमोर, माणूस तुझ्यासमोर, मग सांगायला तोंड नव्हतं का. सगळी रांग ऐकत होती. तो बिचकला आणि नियमाचं काहीतरी बोलायला लागला. तेवढ्यात नेन्यांनी माझा दंड धरला.

"बरोबर आहे त्यांचं. सही जुळत नाही."

"तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात?"

"कागदाच्या."

मी त्यांच्यावर ओरडलो. सांगून टाकतो, ऑपरेशन झालेल्या माणसावर ओरडलो. काकू माझ्याकडे बघत होत्या, मला थांबवत नव्हत्या. नेने शांतपणे म्हणाले, "शिक्का मारण्याआधी एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण विचारायचं कुठं लिहिलेलं नाही." एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

जुनी पॉलिसी तुटली होती. त्या वयाला नवी कोणी देईना, हसमुखनं तीन ठिकाणी खेटे घातले. ऑपरेशनचा खर्च काकूंच्या फंडातून गेला. त्या वर्षी नेन्यांनी बाकी सगळ्यांचे रिटर्न भरल्यावर स्वतःचा भरला आणि विम्याच्या रकान्यात आडवी रेघ मारली. मी म्हटलं, तुम्ही चेक दिला होतात ना, चेकनं भरायची अट तर तुम्ही पुरी केलीत. ते म्हणाले, "वटला नाही." पुढच्या दिवाळीआधी ते दोघं इंद्रलोकची जागा सोडून मुलीकडे नाशिकला गेले. मागं विमा नसलेल्या माणसांनी एकट्यानं आजारी पडू नये असं मुलीचं म्हणणं होतं. ग्रिलमधलं टेबल मला विकत घ्यायचं होतं. नेन्यांनी किंमत सांगितली आणि मी ती मुकाट दिली.

पण मला नेने दिसतात ते बँकेतले. त्याच दिवशी, सगळं बोलून झाल्यावर, चष्मेवाल्यानं सहीचं नवं कार्ड पुढं केलं. म्हणाला, आता पुढं जशी करणार तशीच करा, तीन वेळा. नेन्यांनी काउंटरवर कोपर टेकवलं, पोटावरचा हात काढून कागद धरला आणि पूर्ण नाव लिहायला घेतलं. शंकर लिहिलं. विनायक लिहिताना थांबले, जुन्या कार्डाकडे बघितलं, त्या वळणाची नक्कल करायला लागले.  तीनही सह्या तीन वेगळ्या माणसांच्या दिसत होत्या. चष्मेवाल्यानं त्या बघितल्या आणि कार्ड कपाटात ठेवलं.

म्हणजे न जुळणाऱ्या तीन सह्या त्यानं चालवून घेतल्या. माणूस समोर उभा होता, ओळखीचा होता, म्हणून चालवून घेतल्या. मग जानेवारीत तोच माणूस ओळखीचा नव्हता का? त्या एका शिक्क्यानं म्हाताऱ्याचं छत्र गेलं, वजावट गेली, राहतं घर गेलं. त्या चष्मेवाल्याची बदली झाली असेल, निवृत्त झाला असेल, त्याच्या जागी दुसरा बसला असेल. कोणीही चालेल. मी अजून भाईंदरमध्येच आहे, गाळा तिथंच आहे, सकाळी आठपासून उघडा असतो. त्या खिडकीमागच्या कोणीतरी येऊन माझ्यासमोर उभं राहावं आणि जानेवारीत का विचारलं नाही, ते सांगावं.